भिंगीचं पुढे काय झालं

४ फेब्रुवारी

भिंगी मारली! शेवटचं प्रकरण झालं एकदाचं.

‘बांधावरची भिंगी’ लहानपणी इतकी वाचली की पानं सुटली होती. ती आगाऊ ससुली, तिचा मुंगूसमामा — आणि आता त्या पुस्तकाचा दुसरा भाग लिहायचा तो मी, नांदेडच्या बिलकीसनं! प्रकाशकांची अट एकच. मूळ लेखक गुरुपादप्पा हो म्हणाले पाहिजेत. ते चाकूरला मुलाकडे असतात.

गोष्ट किल्लारीच्या शिवारातली. मग भूकंप टाळून कसं चालेल? बांध कोसळतो, भिंगी दबते. मुंगूसमामा लाकडं गोळा करून मेलेल्या सगळ्यांना एकाच चितेवर ठेवतो. तिथे माणसांचं तसंच झालं होतं म्हणतात. लिहिताना रडले.

७ फेब्रुवारी

कुरिअर चाकूरला पोचलं. जीव टांगणीला. पोळी करपली.

९ फेब्रुवारी

त्यांच्या मुलाचा, अमरनाथांचा फोन. आवाज चढलेला. “भिंगी कोन हाय ठाऊक हाय का तुम्हाला? माझी बहीण, अंजू! तिच्यावरनंच अप्पांनी लिहिली ती. भूकंपात गेली अंजू. घराखाली.”

मला खरंच ठाऊक नव्हतं! पुस्तक भूकंपाच्या आधीचं.

“अप्पांना वाचू देऊ नका, मी बदलते —”

“वाचलं की! सकाळधरनं बोलंना झालेत. जेवंना झालेत.”



१० फेब्रुवारी

बदललं. भिंगी जिवंत राहते, उड्या मारते, तिला पिल्लं होतात. सगळं खोटं! तरी हेच पाठवणार.

चाकूरला फोन लावला. कुणी उचलला नाही. या अल्लाह, म्हातारा बरा असू दे. नको मला ते पुस्तक.

११ फेब्रुवारी

अप्पांनी स्वतः फोन केला.

“भिंगी मेली ते बरोबर हाय, बाई. राहू द्या. पन जाळू नका तिला. आमच्यात बसवून पुरतात, हातात लिंग देऊन. अंजूला तसं न्हाई देता आलं. समद्यांसंगं जाळावी लागली.”

हे मला माहीत नव्हतं का? लिंगायत शेजारात वाढले मी! पण ससुलीला कुठली जात, म्हणून चिता रचून मोकळी झाले.

खड्डा कसा घेतात ते विचारलं. अप्पा सांगत गेले, मी लिहीत गेले. शेवटी अप्पा म्हणाले, “माती लोटायचं वाक्य तेवढं माझ्यासाठी सोडा. ते मी लिहितो.”