पेला हलवेपर्यंत

३० ऑगस्ट
ओमानमधल्या सूरला पोचले. शाळेची गाडी मस्कतहून किनाऱ्याकिनाऱ्याने आली. घर बघून बरं वाटलं. वरचा मजला माझा आहे: एक लांबट बैठकीची खोली, भिंतीलगत गाद्या आणि लोड, मागे स्वयंपाकघर, वर गच्ची. गच्चीतून खाडी दिसते आणि काठावर अर्धवट बांधलेलं लाकडी गलबत. खाली फरिदाभाभी आणि जाफरभाई राहतात. मूळचे हर्णैचे, इथे त्यांचं बोटींच्या सुट्या भागांचं दुकान आहे. मी संगमेश्वरची म्हटल्यावर भाभींनी माझी बॅग स्वतः उचलली.

स्वरूपला जाऊन सहा महिने झाले. वर्ष पुरं व्हायच्या आत घर सोडू नये असं सासूबाई म्हणाल्या. दीर म्हणाले, जायचंच तर मस्कत बघ विशाखा, त्या लहान गावात तुझं मन रमायचं नाही. मी बॅग भरली. ऑक्टोबर संपायच्या आत मुख्याध्यापिकांना सांगायचं आहे, कायम राहणार की परत जाणार. ते मी ठरवीन.

६ सप्टेंबर
गाव मला मानवतं आहे. कुणी फार विचारत नाही. सातवीची मुलं आपसांत इंग्रजीच बोलतात; एका मुलीने मराठीत "बाई, तुम्ही सॅड आहात का" असं विचारलं आणि स्वतःच लाजली. दुपारी दुकानं बंद होतात आणि चारपर्यंत रस्त्यावर मांजरसुद्धा नसतं. ती शांतता मला आवडते.

बैठकीच्या कोनाड्यात कॉफीचे छोटे, बिनकानाचे पेले उपडे घालून ठेवले होते. फिंजान म्हणतात त्यांना. ते धुऊन मी सुलटे मांडले आणि भाभींना वर बोलावलं. त्यांनीच आणलेला काहवा, म्हणजे इथली वेलचीची कॉफी, मी आपल्या पद्धतीने काठोकाठ ओतला. त्या हसत सुटल्या. "अगो, मला हाकलतेस काय?" इथे भरलेला पेला दिला की ऊठ आणि चालू लाग असा अर्थ होतो म्हणे. तळाशी थोडाच ओतायचा, आणि पाहुणा पेला हलवेपर्यंत ओततच राहायचा. कसा हलवायचा तेही त्यांनी मनगट फिरवून दाखवलं. मग त्यांचं लक्ष कोनाड्याकडे गेलं. घराचा म्हातारा मालक ते पेले उपडेच ठेवायला सांगतो म्हणाल्या. का, ते त्यांना माहीत नव्हतं, की सांगायचं नव्हतं.

१९ सप्टेंबर
आज स्वरूपची मासिक तिथी. विधी वगैरे मला येत नाही, नुसतं पान वाढलं. वरण, भात, बटाट्याची भाजी, आणि त्याचा बिनसाखरेचा चहा. भाभींनी सकाळी काहवा पाठवला होता, तोही एका फिंजानात थोडा ठेवला. गच्चीवर ठेवून वाट बघत बसले. मासळीबाजाराचे कावळे इथे भरपूर आहेत. कठड्यावर ओळीने बसले, पण एकही पानाजवळ येईना.

आपल्याकडे कावळा शिवला नाही की म्हणतात तसं मी म्हटलं. तुझं जे राहिलं असेल ते पुरं करीन. मग आणखी बोलत गेले. तुला हवं तितके दिवस इथे राहा, मी तुला सोडून जाणार नाही. सगळे कावळे एकदम उडाले.

खाली येऊन जरा पडले. उठून पाहिलं तर भात तसाच, चहावर साय धरलेली. फिंजान मात्र कोरडा. आत वेलचीचा एक दाणा.

स्वरूपला कॉफीचा वाससुद्धा चालत नसे. पण मी रडले, आनंदाने.

२६ सप्टेंबर
रोज शाळेतून आल्यावर ठेवते. चहा आणि काहवा, दोन्ही. चहाला तो हात लावत नाही. पेला परवा गच्चीच्या दारात होता, काल जिन्यावर. मी म्हटलं, ये, आत ये.

कुणाला सांगितलेलं नाही. सासूबाईंचा फोन आला, कंटाळलीस का विचारत होत्या. नाही म्हटलं.

१० ऑक्टोबर
पेला आता बैठकीत असतो, दाराजवळच्या गादीपुढे. गादी बसकी झालेली असते. हात लावला तर ओल लागते, आणि बोटाला मीठ.

स्वरूप अंघोळीनंतरही पावडर लावून बसणारा माणूस. त्याच्या अंगाला समुद्राचा वास कधीच येत नव्हता.

भाभींना सगळं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. मग बोलल्या. मालकाचा आजा मोठा नाखुदा, गलबताचा कप्तान होता. एका दुपारी फुटलेल्या गलबतावरचा एक माणूस चिंब भिजून दारात आला. नाखुद्याने बसवलं, कॉफी दिली. त्या माणसाने पेला हलवलाच नाही. पाहुणा बसलेला असताना यजमानाने उठायचं नाही, म्हणून नाखुदा समोर बसून राहिला. त्याचं गलबत त्याच्याशिवाय गेलं. तो तिथेच बसून मेला. मुलाने पेले उपडे केले, तेव्हा कुठे घर त्या पाहुण्यापासून सुटलं.

आणि मी ते सुलटे केले. वर तोंडाने "राहा" म्हटलं.

जाफरभाई हसले. असल्या फुकट्याला भरलेला पेला द्यायचा, यल्ला, चल नीघ म्हणायचं, खलास. भाभींनी त्यांना गप्प केलं. मला म्हणाल्या, खाली ये राहायला, नाहीतर इब्रा गावात तुझ्या ओळखीची ती शिवांगी मॅडम शिकवते तिच्याकडे जा. इन्शाल्ला दुसरं घर मिळेल.

मी नाही म्हटलं. मी कुठे राहायचं ते एका घरात सगळ्यांनी मला सांगून झालं आहे. पुन्हा नाही.

१३ ऑक्टोबर
काहवा बंद केला. पेले पुन्हा उपडे घातले.

दुपारी एक पेला सुलटा. गादीपुढे. जरासा पुढे सरकवलेला, हात लांब करून धरावा तसा.

नाही ओतला.

१६ ऑक्टोबर
पेला रोज माझ्या आणखी जवळ. काल जेवणाच्या ताटाशेजारी. आज उशीपाशी, आत खारं पाणी.

भर दुपारची वेळ. खिडक्या उघड्या, ऊन सगळीकडे. लपायला जागा नाही, त्यालाही नाही. तरी दिसत नाही.

मोठ्याने सांगितलं. मी नवऱ्याला अग्नी दिलेला पाहिला आहे. तुला काय भ्यायचं. तू त्याच्या नावाने माझ्याकडे जेवायला आलास. लाज वाटू दे.

भाभी जिन्याखालून हाका मारतात. वर येत नाहीत.

२२ ऑक्टोबर
आज केलं. किटलीभर काहवा केला, त्याच्या समोर बसले, आणि पेला काठोकाठ भरला. गादीवर सांडेपर्यंत. ऊठ म्हटलं. शब्द दिला होता तो स्वरूपला, तुला नाही.

बराच वेळ काही नाही. मग पेला रिकामा होत गेला. माझ्या डोळ्यांसमोर. तळ दिसला.

आणि हलला. उजवीकडे, डावीकडे. भाभींनी दाखवला होता तसा.

गादी हळूहळू वर आली. मी हसले, मोठ्याने. कित्येक महिन्यांनी. खाली जाऊन भाभींना सांगितलं, त्या रडल्या आणि बांगड्याची आमटी करते म्हणाल्या, मग मी मासे खात नाही हे आठवून म्हणाल्या, तुला वरण करते.

उद्या मुख्याध्यापिकांना सांगणार. राहणार.

२३ ऑक्टोबर
सांगितलं. त्यांनी हात हातात घेतला. सूर तुला मानवलं, म्हणाल्या.

घरी आले. दार उघडं.

पेला आहे. दाराजवळच, पाहुण्याच्या जागी. पण तिथे तो नाही, मी— मीच बसले आहे. कधी बसले आठवत नाही. पेला माझ्या पुढे. तळाशी थोडा काहवा, वाफ येते आहे. चूल मी पेटवलेली नाही.

समोर, किटलीजवळ, यजमानाची गादी बसकी.

तो पाहुणेपणातून उठला. घरातून नाही.

प्यायले नाही. पिणार नाही. तरी पेला रिकामा, आणि तोंडात वेलची—

डाव्या हाताने लिहिते आहे. उजव्यात पेला आहे. सुटत नाही.

ऊन त्याच फरशीवर आहे. मघापासून. भाभी हाक मारत आहेत, वरण झालंय म्हणून. ओ दिली. आवाज बाहेर—

गादी ओली होते आहे. माझी.

ऐक. हे घर माझं आहे. मी इथे राहायचं ठरवलं, ते मी ठरवलं, तू नाही. मी तुझी पाहुणी नाही. मला नको आहे. पुरे. पेला हलवते आहे. बघ. उजवीकडे, डावीकडे. नीट हलवते आहे, शिकवला तसाच, हलवते आहे, तरी तो ओत—