दादाचा ताप

३ मार्च
आई ऐकतच नाही! पित्ताशयात खडे, कळा येऊन कळवळते, तरी एकच पालुपद — "मला गॅस देऊ नका गं." मुलगी भूलतज्ज्ञ, आणि आई भुलीला घाबरते! समजावलं, गॅसने शरीर निवांत होतं, ऑक्सिजनसुद्धा कमी मागतं. चहाबरोबर बिस्कीट पुढे केलं. ते नेहमीसारखं बाजूला सारलं. "मग तुझ्या दादाला काय झालं?"
दादा. माझ्या जन्माआधीच गेलेला. टॉन्सिल काढायला नेला, टेबलावर ताप चढला, संपलं. घरात याहून जास्त कुणी कधी बोललं नाही.

११ मार्च
हर्नियाचा पेशंट, तरुण, धडधाकट. आम्ही ऑक्सिजन मोजूनमापून सोडतो, शरीर खाईल तेवढाच. मग मशीनमधला फुगा एका उंचीवर डोलत राहतो. गॅसची भूल चढली की खाणं घटतं, मी ऑक्सिजन थोडा आवळते. आज फुगा खालीच बसायला लागला! गळती शोधली — नाही. ऑक्सिजन वाढवला, तोही गट्ट. जबडा घट्ट. कपाळाला हात लावला तर तवा! सर्जन ओरडतोय, "पोट एवढं कडक का?"
गॅस बंद, उताऱ्याचं इंजेक्शन, बर्फ. वाचला बिचारा. लाखात एखाद्याला गॅस असा उलटतो, शरीर आतून पेटतं. रक्तातून येतं हे, आईबापांकडून.
हात धुताना एकदम लक्षात आलं. दादा!

१२ मार्च
आईला विचारलं — शेवटी कसा होता तो? म्हणाली, "अंगाला हात लाववत नव्हता. दातखीळ बसलेली."
आणि पुढे जे बोलली! त्याला सकाळपासून उपाशी ठेवलेलं, रडत होता. हिने लपवून एक बिस्कीट दिलं. "मीच मारलं त्याला." बाबांनासुद्धा कधी सांगितलं नाही. ते गेले, तरी नाही.
मी ओरडलेच — बिस्किटाने असं होत नाही, आई! गॅस होता तो! ती हमसून हमसून रडली. मीही.

१५ मार्च
हा दोष आमच्यात आहे का, दोघींचं रक्त तपासायला पाठवलं.

१९ मार्च
आज लहान मुलाचा मास्क हातात धरवेना. ज्याला कधी पाहिलं नाही, तो त्या टेबलावर दिसतो. आमच्या वरिष्ठ भूलतज्ज्ञ मॅडमना म्हटलं, तुम्हीच द्या याला भूल.

२ एप्रिल
आईचं ऑपरेशन पार पडलं. गॅस अजिबात नाही, भूल सगळी शिरेतून. मॅडमनी दिली. मी नुसती फुग्याकडे डोळे लावून उभी. शुद्धीवर येताच पहिला प्रश्न, "बिस्किटाने नाही ना गं?" नाही, आई. "मग त्याच्या रक्तात हे आलं कुठून?"
रिपोर्ट येऊ दे, म्हटलं.

२० एप्रिल
रिपोर्ट आला. माझ्यात नाही. आईत आहे.
मॅडमना, सर्जनना, तिच्या नेहमीच्या डॉक्टरांना खरं सांगून ठेवलं — हिला गॅस नाही, कधीच नाही.
आईला म्हटलं, बाबांकडून आलं.
"त्यांच्याच घराण्याचं असणार!" म्हणाली. आणि बशीतलं बिस्कीट उचलून चहात बुडवलं.