कळी उमलायच्या आत

रविवार, १२ तारीख

दादाला आणि वहिनीला नमस्कार. मी बरा आहे.

तर गवत उपटायला कुणी घर सोडत नाही, हे तुझं परवाचं वाक्य अजून माझ्या कानात आहे. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, त्यातून खुर्च्या मढवताना तोंडात खिळे धरून बोलतोस, म्हणून पत्र. कागदाला मध्येच तोडता येत नाही. आणि मी गवत उपटत नाही. गवत आम्ही जपतो. घालवायचं ते काटेतण. कमरेएवढं वाढतं, पानापानाला सुया, वर जांभळा गोंडा. इथल्या तबेल्यातले घोडे त्याला तोंड लावत नाहीत. आजूबाजूचं गवत मुळापर्यंत कुरतडतात आणि काटे तेवढे ठेवतात, म्हणजे कुरण हळूहळू काट्यांच्या नावावर होतं.

पहिल्या वर्षी मी काय केलं ते तुला सांगितलं नव्हतं, तू हसला असतास. कुदळ घेतली आणि वरचं अख्खं कुरण खणून काढलं. इथल्या मुकादमासमोर छाती काढून उभा राहिलो. तो नुसता मिशीत हसला. पाऊस पडल्यावर जिथे एक होतं तिथे पाच. मुळाचा बोटभर तुकडा मातीत राहिला तरी त्याचं नवं झाड होतं, आणि मी कुदळीने तुकडे करून पेरणीच केली होती. तबेल्यातले लोक मला अजून शेतकरी म्हणतात.

मग मुकादमाने शिकवलं. उपटायचं नाही, दमवायचं. कळी धरू द्यायची, त्यात मुळाची शिदोरी वर येते. तिला रंग आला की उमलायच्या आत बुंध्याशी कापायचं. पुन्हा फुटतं, पुन्हा कापायचं. घोडे बाहेर ठेवून गवत दाट होऊ द्यायचं. तिसऱ्या वर्षी मूळ उपाशी मरतं. पण एक खेप चुकली आणि बियांच्या म्हाताऱ्या वाऱ्यावर सुटल्या, की सगळी मेहनत पाण्यात.

कापणीचं हे तिसरं वर्ष आहे.

इथली थोरली घोडी, आत्याबाई म्हणतात तिला, कुंपणापलीकडून मान काढून रोज माझ्याकडे रागाने बघते. गेल्या वर्षी काट्यांनी तिचे ओठ सुजले होते. हे कुरण साफ झालं की आधी तीच आत जाणार.

आता बसचं. घरी यायची बस चुकली असं फोनवर म्हणालो ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. तुझं मनगट गेलं, खुर्च्यांचं कापड ताणायला माणूस नाही, वहिनी ताणते आणि तिच्या बोटांची सालं निघतात, हा निरोप आला त्याच संध्याकाळी मी बॅग भरली. मुकादमाला सांगितलं. तो म्हणाला, "जा. भाऊ पहिला." त्याने अडवलं असतं तर भांडून तरी निघालो असतो.

सकाळी स्टँडकडे निघालो. रस्ता वरच्या कुरणाला लागून जातो. बघणार नव्हतो. पण उतारावर ऊन पडलं होतं आणि कळ्यांची टोकं जांभळी झाली होती. उमलायला एखाद-दुसरा दिवस. मुकादमाचे गुडघे तो उतार चढू देत नाहीत. म्हटलं, बसला वेळ आहे, कडेची चार कापून जाऊ. बॅग कुंपणाला अडकवली. मान वर केली तेव्हा बस खालच्या वळणावरून निघून गेली होती आणि आत्याबाई बॅगेचा पट्टा चघळत होती. दादा, मला वाईट वाटायला हवं होतं. मी पुढची ओळ धरली.

त्या रात्री वहिनी माझं ताट झाकून जागी राहिली, हे तू सांगितलंस. तिथे मात्र मला लागलं.

तू मला भिंगरी म्हणतोस, ते बरोबरच आहे. गॅरेज, बेकरी, रंगकाम, सगळीकडून पळालो. तुझ्या दुकानातूनही. आयुष्यात पहिल्यांदा कुठे टिकलो, तर तेही घरापासून इतक्या लांब. पण तूच सांगायचास ना, खुर्चीचं कापड अर्धं ताणून सोडलं की त्याला कायमची सुरकुती पडते?

यंदाची शेवटची कापणी झाली की परत येईन, असं लिहिणार होतो. लिहून खोडलं, वर दिसेल तुला. मुकादम थकलाय. पुढच्या वर्षापासून खालचं कुरणही माझ्याकडे द्यायचं त्याने तबेल्याच्या मालकिणीशी बोलून ठेवलंय, आणि मी हो म्हणालोय. भेटायला येईन. राहायला नाही. हे फोनवर माझ्याच्याने बोलवलं नसतं.

तर दुकानात माणूस ठेव. लांब हातांचा बघ, आणि माझ्यासारखा नको, बूड टेकून बसणारा. माझ्या स्टुलावर बसू दे त्याला. एक पाय डगमगतो, खाली पुठ्ठा घालायला सांग. वहिनीला आता कापड धरायला लावू नकोस. त्याचा पगार दर महिन्याला माझ्याकडून येईल.

ओरडायचं असलं तर पत्रातच ओरड. मोठ्या अक्षरात, म्हणजे मला वाचता येईल.

तुझी, एका जागी थांबलेली,
भिंगरी

कापड ताणणाऱ्याचा पहिला पगार पाठवतोय. नऊ हजार.