धुतलेला जोंधळा

माय, तू जाऊन इतकी वर्षं झाली, आणि परवा एका परसात मेलेल्या कोंबड्या बघताना तूच मागं उभी हायस असं वाटलं. मी वळून बघितलंसुद्धा.

निर्ण्याच्या वाटेवरच्या एका वस्तीतून हुमनाबादला आमच्या जनावरांच्या दवाखान्यात फोन आला. सकाळी धडधाकट फिरणाऱ्या कोंबड्या दुपारपर्यंत पटापट आडव्या झाल्या. मी पोचले तर उंबऱ्यावर लिंबू-बिब्बा आधीच ठेवलेला, आणि दारात जमलेल्या माणसांच्या तोंडी तोच शब्द, भानामती.  मी लहान असताना शेजारणीच्या कोंबड्या, तू चांगल्या म्हटलेल्या, मेल्या आणि हीच माणसं, म्हणजे अशीच, आपल्या दारात उभी राहून तुला तो शब्द म्हणाली होती.

इथं नाव समोरच्या घरातल्या एकट्या म्हातारीचं होतं. आदल्या दिवशी ती विरजण मागायला आली आणि जाता जाता म्हणाली, "लई गुबगुबीत झाल्यात गं तुझ्या कोंबड्या." झालं! तेवढ्यावरून तिला वस्तीतून हाकलायचं ठरलेलं. म्हातारी दार लावून आत बसलेली. मी म्हटलं, आधी मला बघू द्या, मग काय करायचं ते करा. एकजण हसला, "यात डॉक्टर काय बघणार?"

मानमोडीचा रोग नव्हता. मानमोडीत कोंबडी चार दिवस झुरते, मान वाकडी करते. इथं सगळ्या अर्ध्या दिवसात, आणि खायला पुढं असणाऱ्या धष्टपुष्ट आधी. मी तिथंच दगडावर एक कोंबडी चिरली, तिच्या गळ्याखालची दाण्याची पिशवी उघडली. आत जोंधळा, फिकट गुलाबी. घरधनीण बघत होती, तिला विचारलं, हा कुठला?

"पेरून उरल्याला. औषध लावल्यालं बी हाय, पर म्या धुतला की! चांगला चोळून चोळून धुतला. दाणा उकिरड्यावर कसा टाकावा बाई, लक्ष्मी हाय ती."

"धुऊन ते औषध जात न्हाई गं."

 रागावता येईना मला तिच्यावर. आपल्याकडं कुणाला दाणा टाकवतो? पण त्या माणसांवर मात्र मी ओरडले. "आता कामून गप झालाव? मघाशी तर लई तोंड चालायलं व्हतं!" एकेकजण सटकला. म्हातारीची माफी कुणी मागितली न्हाई. मी नमुने तपासणीसाठी बांधून घेतले, मेलेल्या खोल पुरायला लावल्या, आणि त्या गुलाबी जोंधळ्याचे चार दाणे घेऊन म्हातारीचं दार वाजवलं.

तिनं दाणे बघितले, माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता रडेल, आता सुटल्यासारखं वाटेल हिला. तर खालच्या आवाजात म्हणाली, "दिसायलंय बाई, खरं हाय. पर गुबगुबीत म्हणून म्हणले तर मीच न्हवं?"

तिथं मला तू कळलीस. त्या कोंबड्यांनंतर तू कशालाच चांगलं म्हणाली न्हाईस. कुणाच्या बाळाला न्हाई, डोलणाऱ्या तुरीला न्हाई. मी डॉक्टर झाले तेव्हा सगळी गल्ली पेढे खात होती आणि तू चुलीकडं तोंड करून म्हणालीस, "ताट घे." मला वाटायचं, लोकांनी तुझं मन मारलं. तसं नव्हतं. तू मला तुझ्याच जिभेपासून वाचवायली होतीस. माय, तू त्यांचं खरं मानलंस! फार राग येतो मला याचा, आणि रडू येतं. त्या वेळी कुणी कोंबडी चिरून बघितली न्हाई. तुझ्या हातावर ठेवायला माझ्याकडं एक दाणासुद्धा न्हाई.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार मी! तरी एक सांगते, दुसऱ्या कुणाला सांगता येणार न्हाई म्हणून. काल माझी लेक शाळेत पळण्यात पहिली आली. दारात उभी राहून माझ्या तोंडाकडं बघायली, मी काय म्हणते म्हणून. भानामती थोतांड हाय असं गावोगाव सांगत फिरणारी मी, माझी जीभ वळली न्हाई. म्हटलं, "पाय धुऊन घे."