ओलीवरची पुट्टी

तीर्थरूप मामांना,

भाच्याचा वाकून नमस्कार. (लांबून करतोय, तेव्हा आशीर्वादच पाठवा, धपाटा नको.) तुमचा गुडघा काय म्हणतो? आणि मामी काय म्हणतात? मी बरा आहे. अक्षर होतं तसंच आहे, सांभाळून घ्या.

तुम्ही लिहिलंत की नोकरीभर साठवलेलं सगळं घालून तिकडे घर घेतोय, तू त्याच गावात रंगकाम करतोस तर नीट बघून ये. सातवीत दोनदा बसलेल्या माणसावर एवढा भरवसा! म्हणून रविवारी दाढी करून गेलो. दलाल दारातच उभा. माणूस गोड, इतका की मुंग्या लागाव्यात. गल्लीत चिटपाखरू नाही, खिडकीतून वारा, आणि भिंती अशा गुळगुळीत की मी हात फिरवून म्हटलं, वा, कारागीर पट्टीचा आहे! मग आतल्या खोलीत गेलो, तर खिडकीखाली पुट्टी ओढताना पट्टी घसरल्याची खूण. मामा, ती पट्टी माझ्याच हातून घसरली होती. तीन महिन्यांपूर्वी याच भिंतींना गुडघ्याएवढी ओल होती आणि ती मीच पुट्टीखाली गाडली होती. (कंत्राटदार आम्हाला टेम्पोत कोंबून दिवसाला दोन-दोन घरं फिरवतो. पत्ता कोण विचारतो? आणि तेव्हा घराची जुनी दारंसुद्धा काढून टाकलेली होती.)

ओल आली कुठून, म्हणून बाहेर येऊन बघितलं. गल्लीतल्या प्रत्येक घराला तीन-तीन पायऱ्या, या एकट्याचा उंबरठा रस्त्याच्या बरोबरीला. दलाल म्हणतो, "म्हाताऱ्या माणसांना किती सोयीचं!" बुधवारी अकरा वाजता पुन्हा गेलो, तर मागच्या गोदामावर ट्रकची रांग, बोललेलं ऐकू येईना. शेजारच्या बाईंकडे पाणी मागितलं. त्यांचा फ्रीज चार विटांवर उभा. मी बघतोय म्हटल्यावर हसल्या. म्हणाल्या, "अरे बाबा, नाला भरला की पाणी आधी त्या घरात जातं, मग आमच्याकडे. तिथं दुसरं वर्ष कुणी काढत नाही."

तेव्हा मामा, घेऊ नका. भाव उतरवला तरी घेऊ नका. भिंत वाळवता येते, नाला हलवता येत नाही. आणि पुढंमागं दुसरं बघाल तर रविवारी बघू नका, एकदाच बघू नका, आणि भिंतीपेक्षा शेजाऱ्यांचं सामान कुठल्या उंचीवर आहे ते बघा. दलालाला मी अवाक्षर बोललो नाही. पोटाचा प्रश्न आहे.

तुमचा आज्ञाधारक (यावेळी खरंच) भाचा

ता. क. अवाक्षर बोललो नाही, हे खरं नाही. रविवारीच एक जोडपं घर बघायला आलं. ती पोटुशी बाई पाळणा कुठं बसेल ते पावलांनी मोजायला लागली, नेमकी त्याच भिंतीशी. माझ्याच्यानं राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं. दलालानं कंत्राटदाराला सांगितलं, कंत्राटदारानं सोमवारी मला सांगितलं. बुधवारी अकरा वाजता मी मोकळा कसा, हे तुम्हाला कळलंच असेल.

ता. ता. क. शुक्रवारी पोचतोय. मागच्या खेपेला तुमच्या न्हाणीघरालगतची भिंत मी एका दिवसात चकचकीत करून दिली होती, आणि मामी येईल त्याला कौतुकानं दाखवत होत्या. ती फोडावी लागेल. मामींना एवढ्यात सांगू नका. आधी मला पोटभर जेवू द्या, मग मीच सांगतो.