पांढऱ्या छतांचा डाव

३ एप्रिल
नगरपालिकेत बैठक. विषय: हवामान बदल आणि बाजारपेठ. चहासोबत समोसा दिला. तिथेच मी सावध झालो. नगरपालिका समोसा देते म्हणजे बदल्यात काहीतरी नेणार.

इंजिनिअर संघमित्रा मॅडम, वय फार तर सत्तावीस, किरनापूरकडच्या, म्हणाल्या की बालाघाट दरवर्षी जास्त तापतंय, एकट्या नगरपालिकेला झेपणार नाही, व्यापाऱ्यांनी हात दिला तर जमेल. योजना अशी: आमच्या गल्लीतल्या सगळ्या छतांना पांढरा चुना. चुना नगरपालिकेचा, मजुरी राईस मिलवाल्यांची, दुकानदाराने छत फक्त मोकळं करून द्यायचं. ऊन वरच्या वर परत जातं, खाली गारवा राहतो, कूलर कमी चालतो, वीज वाचते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हात खिशात ठेवले.

डाव उघड आहे. चुना लावायला छतावर चढणार. चढले की दिसणार आमच्या कापड दुकानाच्या डोक्यावरची टिनाची खोली. ती बांधताना नगरपालिकेला सांगायचं राहून गेलं. मग दंड, मग कर. हा मुकुंद इतका भोळा नाही.

४ एप्रिल
बायकोला, अहिल्येला बजावलं, कोणी विचारलं तर छत नाही म्हणायचं. ती त्याच खोलीत बसून शाळेचे गणवेश शिवते. म्हणाली, अवो, वर भट्टी होऊन राह्यली, मशीनले हात लावला का चटका बसते, लावू द्या ना चुना. भोळी आहे. तिला मोठं चित्र दिसत नाही.

तरी वरच्या खोलीसाठी टेबल फॅन आणायचा निश्चय केला. उद्याच.

९ एप्रिल
फॅन राहिला. चुनेवाल्यांवरच्या पाळतीतून वेळ मिळाला नाही.

शेजारच्या रेडीमेडवाल्या भोजराजचं छत आज पांढरं झालं. तो खाली उभा राहून मजुरांना ताक देत होता आणि हसत होता. सरकारी कामावर हसणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. आतून मिळालेला आहे.

१४ एप्रिल, दुपार
ड्रोन!! आमच्या गल्लीवर घिरट्या. म्हणजे मी म्हणत होतो तेच. पांढरी छतं वरून मोजायला सोपी पडतात, म्हणून हा सगळा खटाटोप. हवामान वगैरे वरचा मुलामा.

भोजराज म्हणाला, अबे, शादीवाला ड्रोन होय तो, मागच्या रोडवर वरात चालली. वरात होती हे खरं. घोडासुद्धा होता. पण वरात कोणाच्या सांगण्यावरून त्या रोडने आणली, हे भोजराजला सांगता आलं नाही.

१६ एप्रिल
तोडगा सापडला. पांढरं वरून दिसतं, तर काळं दिसणार नाही. छताला डांबर. बोलून चालून विज्ञान आहे.

अहिल्या म्हणाली, काळं तापते ना वो, काळी साडी नेसून उन्हात जाऊन पाहा एकदा. साडीचं वेगळं आणि छताचं वेगळं, एवढं बोलून विषय संपवला.

१९ एप्रिल
डांबर मारलं. स्वतः. मजूर गावभर बोंबलतात. एक पायजमा आणि एक चप्पल कामी आली, पण आता वरून पाहिलं तर आम्ही नाहीच. संध्याकाळी समाधानाने दोन चहा घेतले.

फॅन: या आठवड्यात नक्की.

२ मे
ऊन असह्य. खिळ्याच्या भोकातून डांबराचा थेंब गळला आणि शिवून ठेवलेल्या पांढऱ्या शर्टावर पडला. अहिल्येने तो शर्ट घडी करून बाजूला ठेवला. नवं कापड मशीनवर घेतलं. विचारलं असतं तर मी उत्तर दिलं असतं. उत्तर तयार होतं.

५ मे
संघमित्रा मॅडम स्वतः दुकानात. छुपं छत कसं काय कळलं, मी विचारलं. म्हणाल्या, काका, तुमची खोली तर रोडवरूनच दिसते, खिडकीत टेलरिंगची पाटी तुमीच लावली ना. पुढे म्हणाल्या, करवाल्यांशी माझं काही घेणं नाही, मले फक्त गल्ली थंडी करायची आहे, तुमच्या एका छताने बाजूवाल्यांच्या भिंती तापून राह्यल्या. डांबर खरवडून द्या, चुना अजून शिल्लक आहे, पण टीम शनिवारी दुसऱ्या गल्लीत जाणार.

पाणीही प्यायल्या नाहीत. गोड बोलणं आणि पाणी न पिणं, दोन्ही एकदम. मुरलेल्या आहेत. शनिवारपर्यंत मी काहीही करणार नाही, म्हणजे त्यांचा डाव आपोआप फसेल.

११ मे
शनिवार गेला. टीमही गेली. जिंकलो.

१३ मे
अहिल्येला चक्कर आली. मशीनवरच डोकं टेकलं होतं. हाक मारली तर ओ देईना. मी फार घाबरलो. हे इथे लिहितो, बाहेर कोणाला सांगणार नाही.

भोजराज आणि त्याची बायको धावत आले, तिला धरून आपल्या माडीवर नेलं. तासाभरात ती उठून बसली, लिंबूपाणी प्यायली, हसलीसुद्धा. माडी खरंच गार होती. वर चुन्याचं छत, बाकी काही नाही. ती पडली होती तोवर मी कूलर शोधला. पलंगाखालीही पाहिलं. फार नीट लपवला आहे.

१५ मे
डांबरावर चुना मारला. डांबराने धरला नाही. पापुद्रे उडून भोजराजच्या ताकात पडले. नगरपालिकेत गेलो. मॅडम म्हणाल्या, आता पावसाळ्यानंतरच नंबर लागेल, नाव लिहून घेतलं आहे. नाव! म्हणजे शेवटी नाव घेतलंच.

फॅन आणला. गरम हवा जोरात फेकतो.

१८ मे
अहिल्येने मशीन भोजराजच्या माडीवर हलवलं. भाडं नाही, त्याच्या पँटी आखूड-लांब करून द्यायच्या. मला न विचारता ठरलं. गिऱ्हाइकं माप द्यायला आता तिकडे जातात आणि तिथूनच रेडीमेडही घेतात. मी म्हणत होतो की हा माणूस काहीतरी साधणार. आज त्याला सांगितलंही. तो म्हणाला, बहिणीसारखी आहे रे ते, काहून असा बोलतो. त्याचे डोळे भरून आले होते. मी दुकानात येऊन गल्ला मोजला.

२९ मे, दुपार
गणवेशांचा सीझन. अहिल्येला घरी जेवायला यायला सवड नाही, म्हणून तिचा डबा मीच नेऊन देतो. आज जिना चढून गेलो, ती शिवत होती, कपाळावर घामाचा थेंब नव्हता. खोली कायदेशीर करून घेतो, छतही पांढरं करतो, मग परत येशील ना, विचारलं.

तिने मशीन थांबवलं. म्हणाली, चुन्याचं नाही वो. इतके दिवस वर बसली, तुम्ही मले एकदा तरी विचारलं का, तुले वर कसं वाटते म्हणून? मग डबा उघडला आणि भाजीत मीठ नाही म्हणाली.

हे तिला कोणी शिकवलं असेल, याचा दुकानात बसून दुपारभर विचार केला. भोजराज? मॅडम? कोणीच शिकवलं नसावं.