‘टणक’मधली सतार

१० नोव्हेंबर २०२५, सोमवार

तिन्ही अल्बम एका बैठकीत ऐकले. 

पुण्याची एक कंपनी आमच्या ‘भोपळा’ बँडचे तिन्ही अल्बम तबकडीवर काढतेय – पहिल्याला दहा वर्षं झाली म्हणून. सोबत पुस्तिका. तिच्यात बँडचा इतिहास मी लिहायचा. ‘तुम्हीच बास गिटार वाजवलीत, तुम्हीच रेकॉर्ड केलंत, तुमच्याइतकं कुणाला माहीत?’ असं म्हणाले. हरखले होते मी! लिहायचं तर आधी ऐकावं, म्हणून दुपारी इथं साताऱ्यात, गोडोलीच्या खोलीत हेडफोन लावून बसले. ‘वेल’, २०१५. ‘वाळवण’, २०१८. ‘टणक’, २०२२. मध्ये चहासुद्धा नाही.

आपलंच काम आपण असं सलग कधी ऐकत नाही. नवीन आलं की जुनं विसरतो.

‘वेल’मधली शमशेरची सतार गोल, भरलेली. तार सोडल्यावरही मागं गुणगुणत राहते. ‘वाळवण’मध्ये तीच सतार जरा कोरडी. आणि ‘टणक’मध्ये – चर्रर्र! पत्र्यावर खिळा ओढावा तशी. तेव्हा लोकांनी डोक्यावर घेतलं होतं तिला. ‘सतार पहिल्यांदाच किंचाळली’ असं कुणीसं छापलं. ते कात्रण मी भिंतीला लावलंय. आम्ही पण छाती फुगवून सांगायचो, हा आमचा नवा आवाज.

पण ठरवून केलेला आवाज एकदम बदलतो ना? हा एकदम नाही बदललेला. गाण्यागणिक बदललाय. पायरी पायरीनं वर चढत गेलाय, आणि वरचं टोक जितकं धारदार होत गेलं तितकं...

लिहवत नाही. उद्या परत तपासते.

११ नोव्हेंबर, मंगळवार

तपासलं. माईक तोच, खोली तीच, सतारही तीच. मिसळण्याआधीचे कच्चे ट्रॅक काढून स्क्रीनवर एकाखाली एक लावले. वरच्या पट्टीतला चरचराट वर्षागणिक वाढलेला दिसतोय, डोळ्यांनी!

पुस्तिकेसाठी सतारीची एवढीच ओळख आधी लिहून ठेवली होती : सतारीच्या घोडीवरून तार जाते, ती घोडी कानशीनं किती घासली त्यावर आवाज मिटलेला, गोल की उघडा, धारदार ते ठरतं, त्याला जवारी म्हणतात, मिरजेत शमशेरच्या घरात चार पिढ्या हेच काम आहे, आणि जवारीला मोजपट्टी नसते, ती फक्त कानानं करतात.

फक्त कानानं. स्वतःच लिहिलं आणि कळलं नाही!

वरचे स्वर ज्याला ऐकू येत नाहीत त्याला चांगली जवारी मिटल्यासारखीच वाटणार. तो आणखी घासणार. आणखी उघडणार.

‘टणक’च्या वेळी मी एकदा म्हणाले होते, ‘लय टोचतंय रं.’ तर म्हणाला, ‘टोचू दे. रॉक हाय न्हवं?’

हसलो होतो सगळे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आमच्या ड्रमरला, ज्ञानूला फोन केला. तो रहिमतपुरात पोरांना पखवाज शिकवतो, ड्रम्स माळ्यावर टाकलेत. फलटणच्या कार्यक्रमापासून, म्हणजे दोन वर्षं नऊ महिने, तो आणि शमशेर एकमेकांशी बोललेले नाहीत.

फलटणला काय झालं ते इथं कधी लिहिलं नव्हतं. शेवटचं गाणं ठरल्याप्रमाणं एका ठोक्यावर तोडलं. मी थांबले, ज्ञानू थांबला. शमशेरचे डोळे मिटलेले, तो वाजवतच राहिला. ज्ञानूनं हाक मारली – एकदा, दोनदा, तीनदा. लोक हसायला लागले. स्टेजमागं ज्ञानूचा तोल गेला. ‘सोताला उस्ताद समजतोस व्हय? मग आमी कोण, वाजंत्री?’  शमशेर सतार खोळीत घालून मिळेल ती एसटी धरून गेला. संपला बँड.

मी ज्ञानूला सगळं सांगितलं.  पलीकडून उसाचा ट्रॅक्टर गेला असावा, गाणी लावलेली. मग ज्ञानू म्हणाला, ‘मी तीनदा हाक मारली गं त्याला.’

‘हो.’

‘पाठीमागनं मारली. आन् मला वाटलं, गर्व चढलाय.’

फोन ठेवला त्यानं. मी परत केला नाही.

१४ नोव्हेंबर

पुण्याहून विचारणा – मजकूर कधी देताय? कळवते म्हणाले. काय कळवू?

१६ नोव्हेंबर, रविवार

सकाळच्या गाडीनं मिरजेला गेले. कळवलं नव्हतं.

शमशेर दुकानात दाराकडं पाठ करून बसलेला. मांडीवर सतार, हातात कानस. त्याची थोरली बहीण, जैनबआपा, आतल्या अंगाला बसून सतारीच्या भोपळ्याला रंग देत होती. मी दारातूनच हाक मारली, ‘शमशेर!’ आपांनी मान वर केली. तो घासतच होता. मी पुढं जाऊन त्याच्यासमोर उभी राहिले तेव्हा कुठं – ‘आयला, नंदे! कवा आलीस?’ – आणि तोंडभर हसला.

मला रडू आलं. चपला काढायच्या निमित्तानं खाली वाकले.

चहा झाला. कोपऱ्यात एक सतार कापडात गुंडाळून ठेवलेली. ‘ही कुणाची?’ त्यानं कानस परत उचलली. आपाच म्हणाल्या, ‘धारवाडची. वीस वर्षांचं गिऱ्हाईक. परत आली. म्हणत्यात, फार टोचती. या वर्षातली तिसरी.’

आता नाही बोलले तर कधीच बोलणार नाही, असं वाटलं. लॅपटॉप उघडला आणि त्याला आलेख दाखवले. ‘वेल’, ‘वाळवण’, ‘टणक’. तो बघत राहिला. मग एकदम उसळला.

‘म्हंजे? माझ्या कानाला काय झालंय? तुझं मशीन तपास आदी! घासायला शिकवतीस व्हय मला, बास वाजवणारी तू?’

मला राग नाही आला. भीती वाटली. मी फोन काढला. त्यात बारीक शिट्टी वाजवायची सोय आहे, स्टुडिओत लागते. फोन त्याच्या कानापासून हातभर लांब धरला आणि बटण दाबलं.

आपांनी कानावर हात ठेवले. ‘बंद कर बाई, डोक्यात जातंय!’

तो माझ्याकडं बघत होता. ‘कर की चालू,’ म्हणाला.

चालूच होती!

मग त्यानं आपांकडं बघितलं – कानावरच्या हातांकडं – आणि माझ्याकडं. तोंडावरचं रक्तच गेलं त्याचं. कानस खाली ठेवली. ती शिट्टी बंद करायचंही मला सुचलं नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

काल आपांकडंच राहिले. सकाळी त्याला घेऊन दवाखान्यात. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही, पायीच गेलो.

काचेच्या बंद खोलीत त्याला बसवलं. कानावर हेडफोन. ऐकू आलं की बटण दाबायचं. मी बाहेरून बघत होते. सुरुवातीला दाबत होता, पटापटा. मग अंतर वाढलं. मग नुसताच बसून राहिला – बटणावर अंगठा, मान थोडी वाकडी – शाळेत उत्तर येत नसलेलं पोर बसतं तसा. तपासणाऱ्या बाई आवाज वाढवत होत्या, मला त्यांचा हात दिसत होता. तो तसाच.

कागदावरची रेघ डावीकडं, खालच्या स्वरांना, बरी. मग वरच्या स्वरांना दरीत उडी मारल्यासारखी खाली. दोन्ही कानांची.

डॉक्टरीणबाई शांत होत्या. म्हणाल्या, बोललेलं कळतं ते बरंचसं ओठ बघून. म्हणाल्या, गेलेलं परत येत नाही, कानातल्या मशीननं मदत होईल. मग विचारलं, ‘मोठ्या आवाजात काम असतं का?’

‘बँड होता आमचा,’ मी म्हणाले. ‘दहा वर्षं.’

त्यांनी लिहून घेतलं.   मला कळायचं ते कळलं.

प्रत्येक कार्यक्रमाआधी तो मला म्हणायचा, ‘नंदे, माझा स्पीकर वाढव.’ आणि मी वाढवायचे. त्याच्या पायाशी ठेवलेला, त्याच्याच तोंडाकडं वळवलेला स्पीकर. दहा वर्षं वाढवत गेले. एकदा, एकदा तरी विचारायचं – का रं बाबा, किती वाढवू?

जिन्यावर तोच म्हणाला, ‘तू का तोंड पाडलंस? कान माझं गेल्यात.’

२० नोव्हेंबर, गुरुवार

ज्ञानूचा फोन. तो काल मिरजेला जाऊन आला! मला सांगितलंही नाही.

दुकानात शिरला आणि शमशेरच्या कानापाशी ओरडला म्हणे, ‘माफ कर गड्या!’ रस्त्यावरची माणसं थांबली. शमशेर म्हणाला, ‘वरडू नगंस. समोर बस आन् सावकाश बोल. तोंड दिसलं म्हंजे बास.’

‘मग?’ मी विचारलं.

‘मग काय. मी समोर बसलो आन् रडलो. त्याला ऐकायची काय गरज लागली न्हाई.’

२२ नोव्हेंबर, शनिवार

शमशेरच्या कानाला मशीन बसवलं. आधी आठवडाभर लावून बघायला दिलंय. परत मिरज.

दुकानात आल्यावर म्हणाला, ‘टणक लाव.’ मी नको म्हणाले. आपाही नको म्हणाल्या. ऐकेना.

पहिलं गाणं लावलं. सतार सुरू झाली आणि दचकलाच तो, चटका बसल्यासारखा! अर्धं मिनिटसुद्धा झालं नसेल. ‘बंद कर! बंद कर!’ मशीन काढून मुठीत धरलं. माझ्याकडं बघेना.

‘हे असं हुतं? हे तुमी इतकी वर्षं ऐकत हुता?’

‘लोकांना आवडलं होतं, शमशेर.’

‘लोकांचं सोड. तुला?’

खरं सांगितलं. मला टोचायचं. पण मला वाटायचं, तुला असंच हवंय.

मी म्हणाले, पुण्याला कळवते, ‘टणक’ वगळा. त्यानं धारवाडची सतार कापडातून काढून मांडीवर घेतली. मग म्हणाला, ‘न्हाई. ऱ्हाऊ दे. त्या सालात मला जे ऐकू येत हुतं ते हाय त्ये. खोटं कुठं हाय?’

संध्याकाळच्या आत धारवाडच्या सतारीवर नवी घोडी बसली. तो घासत होता, आपा समोर बसून ऐकत होत्या. तो तार छेडायचा आणि त्यांच्या तोंडाकडं बघायचा. ‘थोडं.’ घासायचा. ‘आणि थोडं.’ ‘बास. बास! हात काढ.’ आपांना कुणी शिकवलं नाही हे, पण जन्म याच आवाजात गेला त्यांचा. सतार बोलली, आणि ती ‘वेल’सारखी गोल होती!

मी रेकॉर्डही केलं नाही. नुसतीच बसून राहिले.

२४ नोव्हेंबर, सोमवार

इतिहास लिहिला. एका दमात, सकाळी. कौतुकाचं सगळं काढून टाकलं. सरळ लिहिलं, की ‘टणक’मधला तो गाजलेला आवाज शैली नव्हती, एका माणसाचं ऐकणं कमी होत चाललं होतं, आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. शेवटचं वाक्य असं – ‘आमच्या आवाजानं त्याचे कान घेतले, आणि आवाज वाढवणारा हात माझा होता.’

हलकं वाटलं. शमशेरनं वाचल्याशिवाय छापायला द्यायचं नाही. मिरजेला पाठवलं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

जैनबआपा साताऱ्याला आल्या! एकट्या, गाडीनं, न कळवता. पाणीसुद्धा घेतलं नाही. आधी पिशवीतून एक कागद काढून माझ्यापुढं ठेवला. पिवळा पडलेला. कानाची तपासणी. नाव शमशेरचं, वय एकोणीस. रेघ डावीकडं बरी आणि मग खाली. तारीख जून २०११. आमचा बँड २०१३चा.

मी तारीख परत वाचली.

‘ते शेवटचं वाक्य खोड,’ आपा म्हणाल्या. ‘तुमी न्हाई घेतलं त्याचं कान. तवाच जायला लागलं हुतं. अब्बांना ठावं हुतं, मला ठावं हुतं. त्याला आमी ‘बरं हुईल’ म्हणालो, आन् त्यानंबी तेच धरून ठेवलं. पयल्या अल्बमची जवारी अब्बांनी करून दिलेली. ते गेल्यावर त्यो सोता घासायला लागला. तुमच्यात यायच्या आदी, अब्बांच्या सतारी नीट ऐकू येईनात म्हणून चार महिने वाजवायचं सोडून बसला हुता पोरगा. मग एक दिवस तुमची तालीम ऐकून आला आन् म्हणाला, आपा, तिथलं सगळं ऐकू येतंय मला! तुमचा आवाज मोठा हुता, नंदा. म्हणून आला त्यो तुमच्यात.’